वीतभर बंदूक

मनुष्याला कोणत्या वस्तूचा छंद जडेल याचा कांहीं नेम सांगतां येत नाहीं. पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, दिवे, दौती, अडकित्ते यांचा संग्रह करणारीं माणसें आपल्याकडे आहेत, आणि समाजानें त्यांना आतां मान्यताही दिलेली आहे. पुण्यास दिनकर केळकर यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, नांवानें उभें केलेलें संग्रहालय पाहून आल्यावर अडकित्त्याकडे क्षुद्र दृष्टीनें पाहण्याची कोणाची प्राज्ञा आहे? परंतु आमचा छंद या यादींत सहसा सांपडत नाहीं, आणि तो सांगितल्यावर ऐकणाराच्या चेहऱ्यावर कौतुकाऐवजीं काळजी उमटते. आम्ही बंदुका जमवितों. त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट इतकीच, कीं आमच्या साऱ्या बंदुका मिळून लिहिण्याच्या टेबलाच्या एका खणांत मावतात.

येथें थोडा खुलासा केलेला बरा. बाजारांत शोभेसाठीं ज्या चिमुकल्या तोफा नि पिस्तुलें मिळतात तीं ओतीव धातूचीं असतात. त्यांचा घोडा हा नळीचाच एक फुगीर भाग असतो, आणि चाप ओढूं गेल्यास बोट दुखण्यापलीकडे कांहीं घडत नाहीं. आम्ही म्हणतों त्या प्रतिकृति निराळ्या. मूळ शस्त्रांत जितके भाग तितकेच त्यांत असतात, ज्या भागाचें जें काम तें काम तो करतो, आणि सर्व भाग एकाच प्रमाणांत लहान केलेले असतात. मूळ बंदुकीचा स्क्रू फिरवून काढतां येत असेल तर प्रतिकृतीचाही काढतां आला पाहिजे. मग तो तिळाएवढा कां असेना. दुकानांतील प्रमाणित स्क्रू येथें उपयोगी पडत नाहींत, म्हणून त्यांचे आटे पाडण्याचीं हत्यारेंसुद्धां कारागीर स्वतःच घडवितो. अक्रोडाचें लांकूड मोठ्या बंदुकीच्या दस्त्याला शोभतें, पण लहान दस्त्यावर त्याच्या रेषा नि छिद्रें फार ठळक दिसतात. म्हणून त्याहून बारीक पोताचें लांकूड शोधावें लागतें. आपल्या भातुकलींतील जातें चांगल्या हाताचें असेल तर त्यांतून खरोखर पीठ पडतें. आमच्या छंदाचें मर्म त्या जात्यांत आहे.

पंचवीस वर्षांत आम्हीं जमविलेल्या नगांची संख्या अवघी ७ आहे. प्राध्यापकाच्या वेतनांत याहून अधिक बसत नाहीं. कारण एकेका नगामागें कारागिराचे कित्येक महिने खर्ची पडलेले असतात, आणि किंमतही त्या मानानेंच असते. द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांची एक जोडी, तिच्यासह दारूचें शिंग आणि गोळ्या ओतण्याचा साचा, असा एक संपूर्ण संसार चष्म्याच्या घराएवढ्या पेटींत थाटलेला आमच्यापाशीं आहे. पण या सातांत आमचा विशेष जीव आहे तो एका गारेच्या बंदुकीवर. 'ब्राउन बेस' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बंदुकींच्या घराण्यांतील ही 'इंडिया पॅटर्न' शाखा. हा घाट प्रथम ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या पलटणींकरितां पत्करला; पुढें फ्रान्सशीं युद्ध जुंपून बंदुकांचा तुटवडा भासूं लागला तेव्हां १८ व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ब्रिटिश सैन्यानेंही तोच उचलला. मूळ बंदूक सुमारें १४० सेंटिमीटर लांब आणि साडेचार किलोंच्या जरा आंत वजनाची. आमची तिच्या एकषष्ठांश आहे. म्हणजे लांबी सव्वातेवीस सेंटिमीटर, बरोबर एक वीत. वजन मात्र एकषष्ठांश भरत नाहीं. लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही सहा सहा पटींनीं घटल्यामुळें वजन २१६ पटींनीं उतरतें आणि २० ग्रॅमांच्या घरांत येतें. चार कागद घातलेल्या पत्राएवढी ही बंदूक.

तिच्या चापाची रचना अशी आहे. घोड्याच्या जबड्यांत, चामड्याच्या घडींत, गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. घोडा अर्धा चढविला कीं आंतील खांचेंत एक कळ अडकते, आणि मग चाप ओढला तरी घोडा पडत नाहीं. तो पुरता चढविला म्हणजेच चाप त्याला सोडतो. सुटलेली गार समोरच्या पोलादी पट्टीवर घासते. त्या घावासरशीं पट्टी पुढें उलटते, तिच्याखालची वाटी उघडी पडते, आणि पोलादाच्या तासल्या गेलेल्या कणांच्या जळत्या ठिणग्या वाटींतील बारीक दारूवर पडतात. तेथील ज्वाला नळीच्या कानांतून आंत शिरून मुख्य दारूला भिडते. झांकण उघडणें आणि ठिणगी पाडणें हीं दोन कामें एकाच घावांत उरकण्याची ही युक्ति फ्रान्समध्यें १७ व्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाली, आणि त्यानंतर यूरोपांतील सैन्यांनीं दीर्घ काळ तिच्यावर भिस्त ठेवली. वीतभर बंदुकींतही हें सर्व घडतें. रात्रीं दिवा मालवून चाप ओढला कीं क्षणभर तीन-चार ठिणग्या चमकून जातात.

या युक्तीला एक खोड होती. वाटींतील दारू आधीं भडकते आणि गोळी क्षणभरानें सुटते. तेवढ्यांत सावध पक्षी उडून जातो. स्कॉटलंडांतील बेलहेल्व्ही गांवचे पाद्री अलेक्झांडर फॉर्सिथ यांना बदकांच्या शिकारीचा नाद होता, आणि या क्षणभराच्या विलंबानें ते त्रासले होते. आघातानेंच पेटणारी दारू वापरण्याची कल्पना त्यांनीं काढली आणि १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. दिवाळींत आपलीं मुलें ज्या टिकल्या फोडतात त्यांत हेंच तत्त्व आहे. बदकें वांचलीं असतीं तर गारेची बंदूक आणखी कांहीं दिवस टिकली असती.

लहान शस्त्रांची ही विद्या घड्याळजीच्या विद्येची सख्खी बहीण होय. १६ व्या शतकाच्या आरंभीं चाकाच्या चापाचीं पिस्तुलें निघालीं. त्यांत किल्लीनें पीळ दिलेलें एक पोलादी चाक असे; तें एका इवल्याशा सांखळीनें कमानीला जोडलेलें असे, आणि चाप ओढतांच तें गरकन् फिरून खनिजाच्या तुकड्याला घासे. त्यापूर्वीं शिपायाला जळता तोडा हातांत बाळगावा लागे, आणि जळता तोडा कांहीं अस्तनींत लपवितां येत नाहीं. नवें पिस्तूल लपवितां येऊं लागलें तेव्हां राज्यकर्ते धास्तावले. सम्राट् मॅक्सिमिलियन यानें १५१७ सालीं अशा शस्त्रांवर बंदी घातली. परंतु लहानाची गोडी बंदीनें जात नाहीं. इ. स. १६०० च्या सुमारास न्युरेंबर्गच्या मिखाएल मान नांवाच्या कारागिरानें मुलामा दिलेल्या धातूच्या चिमुकल्या पेट्या करून त्यांना गुंतागुंतीचीं कुलपें बसविलीं, आणि त्याच हातानें चाकाच्या चापाचीं बोटभर पिस्तुलेंही घडविलीं. पुढें १९ व्या शतकांत घड्याळाच्या सांखळीला अडकविण्याचीं पिस्तुलें आलीं. ऑस्ट्रियांतील फ्रान्झ फान्ल या घड्याळजीनें १९१४ सालीं जें 'कोलिब्री' पिस्तूल बाजारांत आणलें त्याची गोळी अवघ्या २.७ मिलिमीटर व्यासाची होती. एवढ्या बारीक नळींत आटे पाडणें त्या काळीं साधेना, म्हणून ती गुळगुळीतच ठेवावी लागली.

राजेलोकही या मोहांतून सुटले नाहींत. नव्या दिल्लीची आखणी करणारे वास्तुशिल्पी लट्यन्स यांनीं १९२१ ते १९२४ या वर्षांत इंग्लंडच्या राणी मेरीसाठीं एक बाहुलीघर उभें केलें. खऱ्या वस्तूच्या बाराव्या हिश्शानें केलेल्या त्या घरांत नळाला पाणी येतें, दिवे लागतात, उद्वाहक वर-खालीं जातो. आणि त्यांत लंडनच्या पर्डी या प्रसिद्ध बंदूककारांच्या हातच्या बंदुकाही आहेत. पुढें १९३५ सालीं पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त याच कारखान्यानें त्याला एकषष्ठांश मापाची एक जोडी नजर केली, आणि ती खरोखर उडणारी होती.

क्वचित् नमुना आधीं आणि शस्त्र मागाहून असाही उलटा क्रम घडतो. सॅम्युएल कोल्ट हा सोळा वर्षांचा पोरगा १८३० सालीं बॉस्टनहून कलकत्त्यास निघालेल्या 'कॉर्व्हो' जहाजावर खलाशी म्हणून चढला. त्या सफरींत आपण फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलाचा लांकडी नमुना चाकूनें कोरला, असें तो पुढें सांगे. सहा वर्षांनीं, १८३६ सालीं, त्याला अमेरिकेंत त्याच्या रिव्हॉल्व्हरचें पेटंट मिळालें. कलकत्त्याच्या वाटेवर एका पोरानें कोरलेल्या लांकडाच्या तुकड्यांतून पुढें काय काय निघालें हें आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां मागच्या बांकावरील मंडळीही जागीं होतात.

वाचकांस वाटेल, कीं माप तेवढें कमी करावें, बाकी सर्व आपोआप जुळून येतें. तसें होत नाहीं. वस्तूचा आकार बदलला कीं तिच्या बलाचें प्रमाणही बदलतें, हें गॅलिलिओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें आहे. आमच्या बंदुकींत गारेची धार सहा पटींनीं अरुंद झाली, पण तिच्यामागचा कमानीचा जोर ३६ पटींनीं ओसरला. मापाबरहुकूम कमान बसविली तर गार पट्टीवर नुसती घसरते, ठिणगी पडत नाहीं. म्हणून कारागिराला मूळ कमानीचें हुबेहूब रूप राखून तींत मापापेक्षां अधिक ताठपणा भरावा लागतो. तोच न्याय दारूला. बंदूक लहान करतां येते, पण दारूचे कण तिच्याबरोबर आपोआप लहान होत नाहींत. रूप सांभाळावें तर काम बिघडतें, आणि काम सांभाळावें तर रूप. रशियन लेखक लेस्कोव्ह याची १८८१ सालची एक कथा या पेंचावरच उभी आहे. इंग्रजांनीं झारला किल्लीनें नाचणारी एक पोलादी पिसू भेट दिली. तुला येथील बंदूककारांनीं त्यावर ताण करण्यासाठीं तिच्या पायांना नाल ठोकले. कारागिरीची कमाल झाली, पण नालांच्या भारानें पिसूचें नाचणें थांबलें. तुला हें शहर रशियाच्या शस्त्रांचें माहेर. तेथील लोकांच्या बोटांचें कौतुक आणि त्या बोटांना मारलेला टोमणा हीं दोन्हीं त्या कथेंत एकत्र नांदतात.

आमच्या बंदुकीनेंही एक तडजोड पत्करलेली आहे. तिच्या नळीला कान पाडलेला नाहीं. ठिणगी वाटीपर्यंत येते आणि तेथेंच विझते. परदेशांतील एका जुन्या बाजारांत ती विकत घेऊन आम्ही विमानानें परतलों तेव्हां जकातीच्या अधिकाऱ्यानें ती पेटी उघडली, बराच वेळ पाहिली, आणि विचारलें, "ही चालते का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर अवघड. नाहीं म्हणावें तर कारागिराचा अपमान, होय म्हणावें तर बंदूक गेली. आम्हीं सांगितलें, "घोडा पडतो, ठिणगी पडते, गोळी सुटत नाहीं." त्यानें खिशांतील टांचणी काढून कानाच्या जागीं टोचून पाहिली, आपल्या वरिष्ठाला बोलावलें, त्या वरिष्ठानेंही टांचणी टोचली, आणि दोघांनीं मिळून दोनदां घोडा पाडून पाहिल्यावर पेटी आमच्या हवालीं केली. त्यांत त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानें अग्निशस्त्राची व्याख्या करतांना लांबी-रुंदीची अट घातलेली नाहीं. स्फोटकाच्या अथवा दुसऱ्या एखाद्या शक्तीच्या योगानें गोळी फेंकण्यासाठीं जें योजलेलें तें अग्निशस्त्र. आणि भीति निराधार नाहीं. अलीकडे स्वित्झर्लंडमध्यें साडेपांच सेंटिमीटर लांबीचें, २० ग्रॅमांच्या आंतलें रिव्हॉल्व्हर निघालें आहे, तें २.३४ मिलिमीटरची गोळी खरोखर झाडतें. पांचशें वर्षांपूर्वींच्या सम्राटाला अस्तनीची धास्ती होती. आजच्या जकात अधिकाऱ्याला खिशाची आहे.

कायद्याचें समाधान टांचणीनें झालें, पण आमच्या एका स्नेह्यांचें अद्यापि झालेलें नाहीं. ते तत्त्वज्ञानाचे अध्यापक, वृत्तीनें पूर्ण अहिंसावादी. एके दिवशीं ते म्हणाले, "अहो, वर्गांत तुम्ही करुणरस शिकवितां आणि घरीं येऊन खुनाचीं हत्यारें पुसत बसतां. बरें, बंदूक तरी कोणती निवडलीत? असईला आणि खडकीला आपल्यावर झाडली तीच ना ही?"

हा वार वर्मीं लागणारा होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांत आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या माळावर कंपनीच्या पलटणींच्या हातीं याच वाणाच्या बंदुका होत्या. खडकीहून आमचें घर फार दूर नाहीं. तथापि याच बंदुकीनें आमचा एक जुना समज दूर केला, हें येथें नमूद केलें पाहिजे. इंग्रजांपाशीं वरचढ शस्त्रें होतीं म्हणून मराठे हरले, असें आम्ही शाळेंत असल्यापासून ऐकत आलों होतों. ही बंदूक हातीं आल्यावर आम्हीं तिचा चाप खोलून सारे भाग कागदावर मांडले. त्यांत गूढ असें कांहींच नव्हतें. दोन-तीन कमानी, एक खांचेचा गोल, कांहीं स्क्रू, एक कळ. हें आपल्या लोहाराला साधलें नसतें काय? पुढें इतिहास चाळला तेव्हां दिसलें, कीं तें साधलेलेंच होतें. महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यांत यूरोपीय धर्तीच्या बंदुका नि तोफा तयार होत असत, आणि असईला शिंद्यांच्या तोफांनीं केलेल्या संहाराची कबुली खुद्द शत्रूनें दिली आहे. उणें पडलें तें दुसरीकडे. ऐन लढाईच्या तोंडावर शिंद्यांचे कित्येक यूरोपीय अंमलदार पलटणी सोडून गेले, आणि त्यांच्या जागीं उभीं राहतील अशीं आपलीं माणसें कोणी तयार केलेलीं नव्हतीं. लोखंडाच्या माथीं मारलेला दोष माणसांकडे परत आणावा लागला, आणि त्यासाठीं ती बंदूक खोलावी लागली.

स्नेह्यांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर इतकें सरळ नाहीं. शस्त्र लहान झालें म्हणजे त्याचें भय गळून जातें आणि त्यामागची बुद्धि तेवढी नजरेसमोर राहते, असें आम्ही त्यांना सांगतों. आणि बव्हंशीं तें खरेंही आहे. परंतु घोडा चढवितांना जो बारीक 'टक्' असा आवाज होतो त्यांतलें सुख सर्वस्वी निर्मळ आहे, असें छातीवर हात ठेवून आम्हांला म्हणवत नाहीं. भातुकलीच्या जात्याचें सुख निराळें, आणि हें निराळें. स्नेही हंसतात, चहा पितात, आणि जातांना एकदां तरी घोडा चढवून पाहतातच.

तीन वर्षांपूर्वीं या बंदुकीची मुख्य कमान मोडली. ज्यानें ती घडविली तो कारागीर कोण हें तिच्यावर कोरलेलें नाहीं. आमच्या पेठेंत एक वृद्ध घड्याळजी होते. त्यांच्याकडे ती नेली. त्यांनीं डोळ्याला भिंग लावून मोडलेले दोन्ही तुकडे पाहिले आणि पेटी ठेवून घेतली. भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाच्या कमानीचें पोलाद त्यांनीं कानशीनें घासून नखाएवढें केलें, वांकविलें, लाल तापवून तेलांत विझविलें, चकचकीत पुसलें, आणि मंद आंचेवर निळा रंग चढेपर्यंत पुन्हां तापविलें. निळा रंग क्षणभरच असतो. त्याच्या अलीकडे थांबलें तर कमान कांचेसारखी तुटते, पलीकडे गेलें तर ती मऊ पडते. पहिली तुटली, दुसरीही तुटली. तिसरी सातव्या आठवड्यांत बसली. पैसे विचारले तेव्हां ते म्हणाले, "सर, पैसे कसले घेऊं? तीस वर्षांत कोणी नवी कमान करायला सांगितली नव्हती. सगळे सेल बदलायला येतात."

गतवर्षीं ते वारले. त्यांच्या दुकानांत आतां मोबाइल दुरुस्त होतात. कमान अजून शाबूत आहे, पण कमान ही कधींतरी मोडण्यासाठींच असते. आणि चौथी कोण करणार, हा विचार आल्यापासून आमचा संग्रह हा आम्हांला मालमत्तेपेक्षां जोखमीसारखा वाटूं लागला आहे. आमच्या मागें या वस्तूंचें काय, असा प्रश्न घरांतही निघतो. एका संग्रहालयाच्या चालकांनीं त्या आनंदानें ठेवून घेण्याची तयारी दाखविली. अट एवढीच, कीं कांचेच्या कपाटांत गेल्यावर त्यांना कोणी हात लावावयाचा नाहीं. अट रास्त आहे, आणि त्या चालकांच्या जागीं आम्ही असतों तर हीच घातली असती. परंतु न हलणाऱ्या चापाला तेल कोण देणार? दहा वर्षांनीं घोडा गंजून नळीशीं एकजीव झाला, म्हणजे आमच्या बंदुकींत आणि बाजारांतल्या ओतीव खेळण्यांत फरक तो काय उरला? आम्हीं त्यांचे आभार मानले आणि तूर्त नकार कळविला.

घड्याळजींच्या हाताखालीं बसून आम्हीं त्या सात आठवड्यांची एक वही लिहून ठेवली होती. कोणतें पोलाद, किती जाडी, कानशीची दिशा, विझविण्याचें तेल, निळ्या रंगाची छटा; जें जें शब्दांत उतरलें तें तें तींत आहे. येथील एका तंत्रशाळेंतील तरुण शिक्षक आणि त्यांचे दोन विद्यार्थी दर रविवारीं सकाळीं आमच्याकडे येतात, वही पुढें उघडी ठेवतात आणि मोडक्या कमानीच्या तुकड्यांवरून माप घेऊन नवी घडवूं पाहतात. त्यांच्या चार कमानी आतांपर्यंत तुटल्या आहेत. पहिली विझवितांनाच तडकली. चौथीनें घोडा दोनदां पाडला आणि मगच ती गेली. विद्यार्थ्यांपैकीं एकाचें म्हणणें, कीं वहींत लिहिलेला निळा रंग सकाळच्या उजेडांत निराळा दिसतो आणि घड्याळजी तर दिव्याखालीं काम करीत. वहींत ही नोंद नव्हती. आतां ती त्याच्याच अक्षरांत समासांत घातली आहे. पांचवी कमान सध्यां कानशीखालीं आहे.